बंबाचं सरपण

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा फोनवर म्हणाले, वखारीत लाकडाचा भाव पुन्हा चढलाय, तेव्हा आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबासाठी यंदा आगोटीआधी लाकडी कोळशाचीच पोती भरून ठेवू. फोनवर वाद नको, म्हणून लिहितेय.

किलोला किलो धरलं तर कोळसा सुक्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देतो, हे बाबांचं खरं. पण भट्टीत एक किलो कोळसा पडायला चार-पाच किलो लाकूड जातं, वर मजुरी आणि टेंपोभाडं. हे सगळं शेवटी आपल्याच पोत्यावर चढणार. वखारीत दोन्हींचा दर किलोवर विचारा. मोळी आणि पोतं यांचा मेळ बसत नाही. कोळसा दुपटीहून महाग निघाला, तर बचत कसली?

पण माझं खरं भांडण पैशाचं नाही. आईच्या खोकल्यासाठी बिनधुराचं सरपण हवं, हे कळतं मला. मात्र धूर नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. आपला बंब न्हाणीत, पावसात खिडकी लावलेली, दार आतून ओढलेलं. धुराने निदान डोळे चुरचुरतात आणि माणूस बाहेर पळतो. या वायूने डोकं जड होतं, गुंगी येते, आणि उठायचं सुचतच नाही. लाकडाचाही विस्तव तो सोडतोच. म्हणून सरपण काहीही असो, बंब आधी मागच्या पडवीत हलवा. आणि आई, पौषातल्या गारठ्यात शेगडी खोलीत घेऊन दार लावून बसायचं नाही. बसतेस तू, मला माहीत आहे.

धुराचं म्हणाल तर तो बराचसा ओल्या लाकडाचा. ताज्या तोडीत निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. ते पाणी आपण लाकडाच्या भावाने घेतो आणि मग ते आटवायला आणखी लाकूड जाळतो. वैशाखाचं ऊन आहे तोवर गड्याकडून ओंडके बारीक फोडून घ्या, खाली दगड देऊन रचा, जमिनीला टेकवू नका. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: सुक्या खणखणीत वाजतात, ओल्या बद्द. आपल्याच माडांच्या करवंट्या नि सोडणंही पत्र्याखाली जाऊ देत. सोडणं भिजली की नुसती धुमसतात.

आता शेवटचं, बाबा रागावतील असं. दोन बादल्या पाणी कढत करायला गीझर साधारण एक युनिट वीज घेतो. बिलावरचा युनिटचा दर बघा आणि तेवढ्या पाण्याला लागणारं लाकूड तोलून बघा. पावसात वीज जाते हे मान्य, म्हणून बंब मोडीत काढा असं म्हणत नाही.

गीझर मी गणपतीला येताना घेऊन येते. तोवर कोळशाला इसार देऊ नका.

तुमची लेक