थकबाकीच्या पत्रात तारीख कुठे असते?

महोदय,

मार्चअखेर जवळ आली की कंपन्यांतून थकबाकीची पत्रे सुटू लागतात. नेहमीचा मजकूर असा: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्याकडील सदर देयकाची रक्कम अद्यापपर्यंत प्राप्त झालेली नसून, सदर रकमेचा भरणा लवकरात लवकर करण्यात यावा, ही विनंती.' शब्द २४. बिल कोणते, रक्कम किती, मुदत कधीची, याचा पत्ता नाही. असे पत्र समोरचा हिशेबनीस फाइलला लावून मोकळा होतो. त्याऐवजी: '१२ फेब्रुवारीच्या बिलाचे १८,४०० रुपये अजून मिळालेले नाहीत. कृपया २५ मार्चपर्यंत भरावेत.' शब्द १२.

म्हणजे कात्री चालवण्याआधी कोणी, काय, कधीपर्यंत करायचे हे मसुद्यात सापडते का ते पाहावे. सापडत नसेल तर आधी संबंधितांना विचारावे. भाषा सुधारून ती उणीव भरत नाही. मग क्रियापदांकडे वळावे. 'यंत्राची तपासणी करण्यात आली' यात करणारा गायब असतो. 'आमच्या तंत्रज्ञाने ३ मार्चला यंत्र तपासले' म्हटले की जबाबदारी ठरते. (ती ठरू नये म्हणूनच अनेकदा कर्मणी प्रयोगाचा आडोसा घेतलेला असतो!)

मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येते. त्यामुळे 'असून', 'नसल्याने', 'झाल्यामुळे' यांची माळ लांबली की वाचणाऱ्याला शेवटापर्यंत अर्थ लागत नाही. असे दोन सांधे एका वाक्यात पुरेत. तिसरा आला की पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करावे. दुहेरी नकारही सरळ करता येतो. 'पावती नसल्यास माल परत घेतला जाणार नाही' याऐवजी 'माल परत करताना पावती आणावी' पुरते.

छाटणी अंगाशीही येते. 'कृपया' उडवून नुसते 'रक्कम भरा' लिहिले तर जुना ग्राहक दुखावतो. 'मूळ वेष्टन शाबूत असल्यास' ही अट पाल्हाळ समजून काढली, तर कंपनीने न दिलेले आश्वासन पत्रात येते. करारनाम्यातल्या 'सदर मिळकत'ला तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नये. तिथे 'सदर' म्हणजे वर वर्णन केलेली तीच मिळकत. थकबाकीच्या पत्रात मात्र वर काही सांगितलेलेच नसते, तरी 'सदर' दोनदा.

पत्र नव्याने लिहिताना आकडे हमखास चुकतात. म्हणून सही होण्यापूर्वी रक्कम, तारीख आणि बिल क्रमांक जुन्या मसुद्याशी नव्हे, तर मूळ बिलाशी ताडावेत.

– एक वाचक, पुणे