कोरड्या दिवसांतही प्रार्थनेला बसायला शिकवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

प्रभू येशूच्या नावाने सादर प्रणाम.

आपली बदली झाल्यापासून हे पत्र लिहायचे मनात होते. समक्ष आभार मानले असते तर आपण ते हसून टाळले असते. शिवाय प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून स्वतःला कमी लेखणारी माणसे आपल्या वसईत पुष्कळ आहेत, त्यांच्याही हे वाचनात यावे म्हणून पत्र उघडपणे लिहीत आहे.

आमच्या घरी संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), रविवारची मिस्सा (चर्चमधील उपासना) आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे चिंतन) यांत कधी खंड पडला नाही. आई गेल्यानंतरही तो पडला नाही, मात्र ‘नमो मरिया’ म्हणताना ओठ हलत आणि आत काहीच हलत नसे. आपल्याकडे आले तेव्हा माझा देवावरचा विश्वास संपला, अशीच माझी समजूत झालेली होती. आपण उपदेश केला नाही की एखादी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करायला सांगितली नाही. “बसतेस तरी ना?” एवढेच विचारले, आणि मी होकार दिल्यावर सोळाव्या शतकातील स्पॅनिश संन्यासिनी, आविलाच्या संत तेरेजाविषयी बोलू लागलात.

चर्चने 1970 साली जिला धर्मपंडिता (श्रद्धेच्या शिकवणीतली थोर गुरू) ही पदवी दिली आणि हा मान मिळवणारी जी पहिली स्त्री ठरली, ती कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्यांकडे कान लावून बसत असे, आणि हाती पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे तिला धाडस होत नसे, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. संतांच्या चरित्रांतून आपल्याला बहुधा चमत्कार सांगितले जातात, कंटाळा सांगितला जात नाही. तो सांगितला गेला असता तर बऱ्याच जणांचे ओझे हलके झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आपण तिचा बागेचा दृष्टांत उलगडलात. प्रार्थना करणारा माळी आहे आणि बाग प्रभूची आहे. पाणी देण्याचे चार प्रकार: विहिरीतून हाताने शेंदून काढणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी बागेत वळवणे, आणि शेवटी पाऊस, ज्यात माळ्याचे कष्ट काहीच नाहीत. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रहाट ओढणारा रेडा आमच्या आजोबांच्या पिढीने रोज पाहिलेला होता. परंतु माझ्या कामी आले ते तेरेजाचे पुढचे म्हणणे. विहीरच कोरडी पडली तर माळ्याने आपल्याकडून होईल तेवढे करावे, फुले पाण्यावाचूनही जगवणे प्रभूच्या हाती आहे. आईनंतरचे ते महिने मी तेवढ्या एका वाक्यावर काढले.

त्या काळात प्रार्थनागट सोडायचे मी ठरवत होते. तेव्हा आपण येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम समोर ठेवलात: मन उदास आणि कोरडे असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थनेला ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच बसावे. पोप तिसरे पॉल यांनी 1548 साली इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ज्या पुस्तकाला मान्यता दिली, त्यातला हा नियम चर्चगेटची लोकल पकडणाऱ्या बाईलाही लागू पडतो, हे मी अनुभवाने सांगू शकते. गट सोडला नाही.

रात्रीचे आत्मपरीक्षणही आपणच शिकवले. लहानपणापासून मला ते पापनिवेदनाच्या (फादरांजवळ पापांची कबुली देण्याच्या) तयारीपुरते ठाऊक होते, म्हणजे पापांची यादी करणे. आपण दाखवून दिलेत की इग्नेशियस यांनी त्याची सुरुवात आभार मानण्यापासून केली आहे, नंतर कृपेची याचना, मग दिवसाचा आढावा, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. हा क्रम पाळू लागल्यापासून दिवसाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. ऑफिसातील एखाद्या सहकाऱ्याने निमूटपणे उचललेले काम मला आता रात्री आठवते. पूर्वी फक्त त्याचे बोलणे आठवत असे. येत्या रविवारचे शुभवर्तमान आदल्या सोमवारपासून थोडे थोडे वाचायची सवयही आपलीच, आणि तिच्यामुळे फादरांचे प्रवचन कधी नव्हे इतके लक्षपूर्वक ऐकले जाते, ही जास्तीची मिळकत.

मोठ्या प्रार्थनासभांतून, टाळ्या आणि गीतांतून अनेकांना बळ मिळते आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. मला मात्र आपल्या त्या शांत पद्धतीची गरज होती, आणि आपण मला दुसरीकडे न ढकलता आठवड्यामागून आठवडे वेळ दिलात, माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसे त्या आठवड्यांतही.

आईची आठवण आली की रोझरी अजूनही कधी कधी अडखळते. तेव्हा मी मणी हातात धरून बसून राहते, आणि यालाही प्रार्थना म्हणावे हे मला आता पटले आहे.

गटातील दोघीजणी येत्या उपवासकाळात ही साधना सुरू करणार आहेत. सुरुवात कशी करावी हे त्यांना आपण पत्राने कळवाल का?

आपली ऋणी,
वसईच्या प्रार्थनागटातील एक भगिनी