टाकी वाहिली ती नवव्या बिटमुळे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी वाया जातं म्हणून पत्रं येतात, हे पण पाण्याचंच आहे पण कारण जरा वेगळं आहे. पंपाच्या कंट्रोलरमध्ये सिरीयल पोर्टच्या (तारेवर एकामागून एक बिट पाठवणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डिव्हाइसचा पत्ता हाताळायची सोय नव्हती म्हणून मुलुंडच्या एका सोसायटीत मे महिन्यात गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली. तानसा-भातसाचं पाणी शंभर किलोमीटरवरून आणायचं आणि पाइपातून गटारात सोडायचं, मला ते बघवलं नाही म्हणून लिहितोय. मी बावीस वर्षं पंप पॅनलच्या मेंटेनन्सची कामं करतो, भांडुप मुलुंड भागात.

आधी सगळ्यांना कळेल असं सांगतो. या सोसायटीत नऊ टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकीवर पाण्याची लेव्हल सांगणारं एक छोटं युनिट आहे, सगळी युनिट्स एकाच दोन तारांच्या केबलवर जोडलेली, त्याला आरएस-४८५ म्हणतात. बाराशे मीटरपर्यंत केबल टाकता येते, साध्या हिशोबाने बत्तीस डिव्हाइस लावता येतात, १९८३ पासूनचं स्टँडर्ड आहे आणि आजही मुंबईतल्या कितीतरी पंपरूममध्ये हीच केबल आहे. अडचण एकच, की तारेवर कोणीही काही बोललं की सगळ्यांना ऐकू जातं. पूर्वी चाळीत पोस्टमन खाली चौकात उभा राहून नाव पुकारायचा ना, आपलं नाव असेल तो खाली यायचा आणि बाकीचे आपापल्या कामाला, तसंच इथे हवं असतं. नाहीतर तारेवरच्या प्रत्येक बाइटला (आठ बिटचा, म्हणजे आठ शून्य-एकांचा गट) नऊच्या नऊ युनिट्सनी हातातलं काम सोडून बघायचं की हे माझ्यासाठी आहे का.

याला जुना आणि फार सुंदर उपाय आहे. आठ बिटच्या पुढे एक नववा बिट पाठवायचा, तो एक असेल तर हा पत्ता आहे, शून्य असेल तर हा डेटा आहे. १९८० साली आलेल्या ८०५१ चिपमध्येच ही सोय आहे, एसएम२ नावाचा बिट सेट केला की नववा बिट एक असल्याशिवाय चिपला इंटरप्ट (हातातलं काम थांबवायचा इशारा) येतच नाही. पत्ता आला की सगळे कान टवकारतात, ज्याचा पत्ता आहे तो एसएम२ काढून पुढचा डेटा ऐकतो आणि बाकीचे परत गप्प. आमची ती नऊ युनिट्स याच ८०५१ वर बनवलेली, नव्वदच्या दशकातली, अजून एकही बिघडलेलं नाही.

बिघडला तो त्यांचा कंट्रोलर, म्हणजे युनिट्सना लेव्हल विचारून पंप चालू-बंद करणारा बोर्ड. नवीन बसवणाऱ्याने लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड आणून दिला, दिसायला मस्त, मोबाइलवर लेव्हल दिसते वगैरे. पण त्यातला कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) ५.१० चा, आणि नवव्या बिटची सोय त्याच्या सिरीयल ड्रायव्हरमध्ये नाही. मग प्रोग्रॅमरने जुगाड केला, जो आम्ही सगळे करत आलोय, मीही केलाय. पॅरिटीचा बिट (चूक तपासायला बाइटच्या मागे लावतात तो) नववा बिट म्हणून वापरायचा, पत्त्याचा बाइट मार्क पॅरिटीने (तो बिट एक) पाठवायचा आणि लगेच स्पेस पॅरिटीवर (तो बिट शून्य) जाऊन डेटा पाठवायचा. चालतं, पण पॅरिटी बदलायच्या आधी पत्त्याचा बाइट पूर्ण बाहेर गेलाय याची खात्री लागते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) अकरा बिटचा एक बाइट जायला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लिनक्सला दुसरं काम आलं तर उशीर होतो, आमची युनिट्स पाच मिलिसेकंदात कंटाळून परत झोपतात. आणि उलट, घाईत पॅरिटी आधीच बदलली तर पत्त्याचाच नववा बिट शून्य होतो, म्हणजे पोस्टमनने नाव पुकारलं पण आवाजच फुटला नाही.

रात्री अडीचला वॉचमनचा फोन आला. पंपरूममध्ये जाऊन मी लॉजिक ॲनालायझर (तारेवरचे बिट दाखवणारं यंत्र) लावून बसलो, पायाखाली पाणी, वर ट्यूबलाइट फडफडतेय. स्क्रीनवर स्पष्ट दिसलं, ०५ बाइट बरोबर गेला पण नववा बिट खाली, पुन्हा पुन्हा असं. पाच नंबरच्या टाकीने विचारणा ऐकलीच नाही म्हणून उत्तर नाही, आणि प्रोग्रॅम शेवटची जुनी लेव्हल धरून बसला की टाकी अर्धी आहे, पंप चालूच. जुनी लेव्हल धरून ठेवणं ही प्रोग्रॅमची वेगळी चूक, ती त्यांनी नंतर सुधारली, पण मुळात पत्ता हरवायलाच नको होता.

आता मुख्य मुद्दा. हे काम ॲप्लिकेशनचं नाहीच, ड्रायव्हरचं आहे. बाइट खरोखर तारेवरून गेला की नाही हे चिपला माहीत असतं, चिपचं ड्रायव्हरला कळतं, वर बसलेल्या प्रोग्रॅमला फक्त अंदाज असतो. आणि ही सोय लिनक्समध्ये आलेली आहे! ऑक्टोबर २०२२ च्या ६.० कर्नलपासून आरएस-४८५ च्या सेटिंगमध्ये ॲड्रेस मोडचा फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) आहे, कोणाला पाठवायचं तो पत्ता आणि मी कोणता पत्ता ऐकायचा तो, असे दोन वेगळे रकाने आहेत. सुरुवात सिनॉप्सिस कंपनीच्या डिझाइनवेअर यूआर्टच्या (सिरीयल पोर्टचं सर्किट) ड्रायव्हरपासून झाली. प्रोग्रॅमने फक्त पत्ता सांगायचा, नववा बिट कधी वर न्यायचा आणि कधी खाली आणायचा ते ड्रायव्हर आणि चिप बघून घेतात. पण बाकीच्या कितीतरी चिप्सच्या डेटाशीटमध्ये मल्टिड्रॉप, ॲड्रेस मॅच, म्यूट मोड अशा पत्ता ओळखायच्या सगळ्या सोयी लिहिलेल्या असतात आणि ड्रायव्हरमध्ये त्याला कोणी हातच लावलेला नसतो. हे बघितलं की मला खरंच त्रास होतो, सिलिकॉनमध्ये पैसे मोजून घेतलेली गोष्ट नुसती पडून.

म्हणून सोसायटीच्या कमिट्यांना माझी विनंती आहे की जुन्या युनिट्सवर नवीन कंट्रोलर घेताना कोटेशनमध्ये दोन ओळी लिहून घ्या, कर्नल ६.१ किंवा त्यानंतरचा, आणि नऊ बिट ॲड्रेसिंग ड्रायव्हरमधून, पॅरिटीचा जुगाड नको. युनिट्स मॉडबसची (तारेवर बोलायची दुसरी पद्धत) असतील तर प्रश्न नाही, त्यात पत्ता संदेशाच्या पहिल्या बाइटमध्येच असतो, १ ते २४७, नववा बिट लागत नाही. पण आधी विचारा, पॅनलवाला युनिट न उघडताच हो हो म्हणतो आणि मग पाणी जिन्यावरून येतं.

आणि मुंबईतल्या डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या मुलांना सांगायचंय, शेवटच्या वर्षाला लॅमिंग्टन रोडवरून किट आणून तोच लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा एका चिपच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय घाला. ड्रायव्हरने आपण कोणते आरएस-४८५ फ्लॅग हाताळू शकतो ते आधी जाहीर करायचं असतं, मग सेटिंगच्या फंक्शनमध्ये रजिस्टरचे (चिपच्या सेटिंगच्या कप्प्यांचे) बिट लावायचे, पाठवताना आधीचा फिफो (पाठवायच्या बाइटांची रांग) रिकामा झालाय ना ते बघायचं आणि मगच पत्ता सोडायचा. मोठं काम नाही पण काळजीचं काम आहे, आणि कर्नलमध्ये गेलं तर जगभरातल्या पंपरूममध्ये चालेल.

टेस्टिंगसाठी काही लागलं तर माझ्याकडे ८०५१ ची तीन जुनी लेव्हल युनिट्स, शंभर मीटर केबल आणि केबलच्या टोकांना लावायचे दोन १२० ओमचे टर्मिनेशन रेझिस्टर पडलेत. रविवारी मी घरीच असतो, कोणी विद्यार्थी तुमच्या ऑफिसमार्फत विचारत आला तर त्याला माझ्याकडे पाठवा, सगळं नेऊ दे.

आपला,
एक पंप पॅनलवाला, मुलुंड