ओपीडीतल्या तान्ह्या बाळांनाही मोजा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी तासगावात १९ वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते. श्रावण लागला की आमच्याकडे तान्ह्या बाळांची रीघ लागते. परवा मणेराजुरीकडची एक आई चार महिन्यांचं लेकरू घेऊन आली. "मॅडम, कालपासून पोट उडतंय, दूधही ओढत नाही." टोपरं-झबलं काढलं, घड्याळ लावून पुरतं एक मिनिट श्वास मोजले. ६२ भरले. या वयात ५० म्हणजेच धोक्याची घंटा. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. आईच्या पिशवीत दुसरीकडून आणलेली अँटिबायोटिकची अर्धी बाटली होती. विषाणूवर तिचा काडीचाही उपयोग नाही.

त्या बाळाला सांगलीला पाठवलं, ऑक्सिजनवर चार दिवसांत ते सावरलं. त्याची कुठेतरी नोंद झाली असेल. पण त्याच दिवशी तपासून घरी पाठवलेल्या बाकीच्या अकरा बाळांच्या नावापुढे मी फक्त 'सर्दी-खोकला' लिहिलं. कुठला विषाणू होता? आरएसव्ही (तान्ह्यांच्या छातीत उतरणारा श्वसनाचा विषाणू), फ्लू की आणखी काही? तपासणीच झाली नाही, आणि खासगी तपासणीचा खर्च या आयाबायांना झेपणारा नाही.

दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्ही एकदा तरी गाठतो. २०१९ साली जगात पाच वर्षांखालच्या सुमारे ३ कोटी ३० लाख मुलांच्या छातीपर्यंत तो पोचला, असा अंदाज आहे. त्यातली दवाखान्यात दाखल झाली सुमारे ३६ लाख. म्हणजे नवातलं एक. आपण फक्त खाटेवरची बाळं मोजली, तर उरलेली आठ कुणाच्या हिशेबात धरायची?

हे मी आत्ताच का लिहितेय? आरएसव्ही रोखायला गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत द्यायची लस आणि जन्मलेल्या बाळाला द्यायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन आता निघालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सगळ्या देशांना यांपैकी एक तरी सुरू करण्याची शिफारस केली आहे. पण इंजेक्शनचं संरक्षण काही महिनेच टिकतं. सांगली जिल्ह्यात साथ कोणत्या महिन्यात चढते हे कागदावर नसेल, तर ते द्यायचं कधी, हे आपण ठरवणार कशावरून?

साहेब, मागणी मोठी नाही. जिल्ह्यातली दोन ग्रामीण रुग्णालयं निवडा. ओपीडीत येणाऱ्या वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या नाकातले नमुने दर आठवड्याला घ्या, वर्षभर. कोरोनाच्या वेळी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआरची प्रयोगशाळा उभी राहिलीच आहे. तिथे ते तपासता येतील. आणि केसपेपरवर श्वासांच्या आकड्याला एक रकाना द्या. रकाना असला की मोजणं टळत नाही, हा माझा अनुभव आहे.

खासगी दवाखान्यांना सोबत घेणार असाल तर माझी ओपीडी मोकळी आहे. नमुने मी स्वतः घेईन, विनामोबदला.

आपली,
तासगावातली एक बालरोगतज्ज्ञ