'रूममेट' या शब्दाबद्दल

चिपळूण

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

आम्ही सोमवारी रात्री सुखरूप पोचलो. कशेडीपासून लागलेला पाऊस अजून उघडलेला नाही. आईने तुला खुशाली कळवली आहेच, तरीही हे पत्र मी वेगळे लिहीत आहे, कारण विमानतळावर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मलाही काही बोलता आले नाही. व्हिडिओ कॉलवर वसंताला मी तुझ्या जोडीदारणीची ओळख 'सोनूची रूममेट' अशी करून दिली. तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि भांडी पुसणारा तुझा हात थांबला, हे मी पाहिले. तिला मराठी येत नाही, पण रूममेट हा शब्द मराठी नाही, एवढे भान मला असायला हवे होते.

काल दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. कामात असशील. तरी उचलत जा.

गुरुवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात समलैंगिक मुलांच्या पालकांच्या बैठकीला तू मला नेलेस, ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. स्पॅनिशचे अक्षर मला कळत नव्हते; पान दुल्से या त्यांच्या गोड पावाचा तुकडा हातात धरून मी बसलो होतो आणि तू कानाशी मराठीत सांगत होतीस. छपरांचे काम करणारे ते गृहस्थ, ज्यांच्या नखांत डांबर होते, म्हणाले की रविवारी भावाकडे जाताना ते आपल्या १५ वर्षांच्या मुलाला घरी ठेवतात, कारण त्याचे काका त्याच्या चालण्याबोलण्याची चेष्टा करतात. ते त्याला वाचवत होते. तू त्यांना दोष दिला नाहीस. घरी एकट्या बसलेल्या मुलाला ते कसे दिसत असेल, एवढेच विचारलेस, आणि पुढच्या रविवारी भावाला काय सांगणार ते वाक्य त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलेस. मी ३१ वर्षे गणित शिकवले. पायरी मुलाने स्वतः मांडल्याशिवाय पुढे जायचे नाही हे मी वर्गात रोज सांगत असे, घरी कधी केले नाही.

त्यांच्या 'फामिलिया'त, म्हणजे कुटुंबात, काका, मावश्या, आजी, धर्ममाता असे सगळेच येतात, आपल्यासारखेच. घराने धरले तर पोर तरते, आणि घरानेच हात सोडला तर त्याला जायला दुसरे दार राहत नाही. त्यातून मुलगा म्हणजे मर्दच असला पाहिजे हा हट्टही आपल्यासारखाच.

तू दिलेले कागद मी विमानात वाचले. केटलिन रायन आणि राफाएल दियास यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात २००२ साली सुरू केलेल्या कामाची माहिती त्यात आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गोरे आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) मिळून २२४ समलैंगिक आणि द्विलैंगिक तरुण-तरुणी होते, आणि घरच्यांकडून सर्वांत जास्त नकार लॅटिनो मुलग्यांच्या वाट्याला आला होता. ज्यांना किशोरवयात घराने फार झिडकारले, त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, ज्यांना फारसे झिडकारले नाही त्यांच्या ८.४ पट निघाले. ही दोन गटांची तुलना आहे, तिने कारण सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण झिडकारणे म्हणजे मारहाण करणे आणि घराबाहेर काढणे, अशी माझी समजूत होती. त्यांच्या यादीत नातेवाइकांच्या कार्यक्रमांतून वगळणेही आहे.

२०१५ साली तू आम्हाला सांगितलेस तेव्हा मी 'बारावीची परीक्षा होऊ दे, मग बघू' असे म्हणालो आणि त्यानंतर ११ महिने तुझ्याशी फी आणि गुण यांखेरीज काही बोललो नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम तेव्हा लागू होते, लोक काय म्हणतील ही भीती होती, आईचे पथ्यपाणी चालू होते. ही सगळी कारणे खरी आहेत आणि त्यांतले एकही पुरेसे नाही. तू रात्री गच्चीवर जायचीस. गच्चीच्या दाराला मी कुलूप लावले ते वानरांसाठी नव्हते. तुला विचारायचे धाडस झाले नाही म्हणून कुलूप लावले. आजही विचारणार नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो होतो. तुला सांगावेसे वाटले तर सांग.

उभ्याने जेवू नकोस. दुसऱ्यांच्या पोरांची दुःखे रात्री उशाला घेऊन झोपू नकोस, त्या कामात माणूस आतून झिजतो आणि... असो. तुझे काम मी तुला शिकवायला निघालो, माफ कर.

तिच्या आईला सांग, त्यांचे तामालेस उलगडताना मला आपल्या पातोळ्याच आठवल्या. त्यांच्याकडे, मेक्सिकोतल्या मिचोआकानात, मक्याची साल, आपल्याकडे हळदीचे पान. पान पाठवता येत नाही, पण परसातल्या हळदीचा फोटो आई पाठवणार आहे.

काल मी वसंताकडे गेलो. वाक्य घरी तीनदा म्हटले होते, तरी ओटीवर बसल्यावर घसा सुकला. पण रूममेट नव्हे, हे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'गणपतीत ती आली तर आत्याला काय सांगायचे?' त्याचे उत्तर मला तिथे सुचले नाही. तुला सुचले तर कळव.

तुझ्याकडे रात्रीचे १० वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेदहा झालेले असतात आणि मी घरीच असतो.

तुझे,
बाबा