बेस वाजवून घर चालते का?

पुणे,
जूनचा शेवटचा आठवडा

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी दादाचा फोन आला आणि पाठोपाठ आईचाही आला, तेव्हाच घरात काय चालले आहे ते कळले. बारावी झालेल्या तुमच्या नातवाला बेस गिटार घ्यायची आहे आणि पुढे तीच वाजवून पोट भरायचे आहे. दादा नको म्हणतो, वहिनी गप्प आहेत, आणि मी बेस वाजवूनच पोट भरते म्हणून अखेर "आत्यालाच विचारा" यावर सगळ्यांचे एकमत झाले आहे. फोनवर बाबांना अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेले अर्धे आई स्वतःच्या शब्दांत सांगते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. ते दादालाही वाचायला द्यावे.

पहिला प्रश्न आईचा, की यावर घर चालते का. चालते, पण नुसत्या कार्यक्रमांवर चालत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत कधीकधी लागोपाठ सुपाऱ्या असतात, मात्र मधला पितृपंधरवडा कोरडा जातो आणि आषाढात तर फोन वाजतच नाही. त्या दिवसांत मी शिकवण्या घेते आणि घरच्या संगणकावर इतरांच्या गाण्यांसाठी बेसचे ट्रॅक वाजवून पाठवते. वर्षाची मिळकत बारा महिन्यांवर पसरून खर्च करण्याची सवय ज्याला लागत नाही, तो कितीही चांगला वाजवत असला तरी तिसऱ्या पावसाळ्यात नोकरी शोधू लागतो, हे मी माझ्या बरोबरीच्या अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

पण पैशांहून आधीचा प्रश्न असा, की त्याला साथ करायला आवडते का. बाबा, भजनात पखवाजाच्या डाव्या पुडीला तुम्ही कणीक लावता, ती कोणाच्या नजरेत भरत नाही; पण ती वाळली आणि धुमेचा आवाज गेला, की टाळकऱ्यांचेही पाय जमिनीवरून सुटल्यासारखे होतात. बेसचे काम नेमके तेवढेच आहे. गायक, गिटारवादक आणि कीबोर्डवादक यांच्याकडे लोक पाहतात. बेसवादकाकडे पाहतो तो ड्रमवादक, कारण त्याच्या पायाखालचा किक ड्रम आणि माझा खर्जातला सूर एकाच क्षणी पडला नाही तर सगळा वाद्यवृंद लंगडतो. ज्या मुलाला टाळ्या स्वतःसाठी हव्या आहेत, त्याने दुसरे वाद्य घ्यावे. यात कमीपणा काही नाही, स्वभावाचा भाग आहे.

आपल्याकडच्या गाण्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी धड्यांचे व्हिडिओ पाहून शिकलेल्या मुलांच्या लवकर ध्यानात येत नाही. ढोलकीची धुम आणि तबल्याचा डग्गा यांनी खालची जागा आधीच व्यापलेली असते, आणि डग्ग्याचा सूर तळहाताच्या दाबाबरोबर वरखाली सरकत असतो. अशा वेळी बेसवादकानेही लांब, घसरते सूर वाजवले की सगळाच चिखल होतो. लावणीला मी तार वाजवली की लगेच बोटाने दाबून गप्प करते, समेवर षड्ज देते आणि ढोलकीवाल्याच्या तोड्यात अजिबात तोंड घालत नाही. भावगीतात याउलट सूर लांबवावा लागतो, पण तोही गायिकेचा श्वास पाहूनच. कमी वाजवणे हे या धंद्यातले सर्वांत उशिरा येणारे कौशल्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्याने पट्ट्या पाठ कराव्यात, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला गाण्याचा षड्ज धरतात ते. मराठी वाद्यवृंदात कोणी "एफ शार्प" म्हणत नाही. गायक मंचावर चढता चढता "काळी तीन" एवढेच म्हणतो आणि ढोलकीवाला सुरुवातही करून टाकतो. ठरलेली गायिका आजारी पडून ऐन वेळी दुसरी आली, की सगळ्या गाण्यांच्या पट्ट्या बदलतात. म्हणून मी माझ्या वहीत कॉर्डची इंग्रजी नावे न लिहिता षड्जापासूनचे आकडे लिहिते, म्हणजे पट्टी कोणतीही आली तरी एक, चार, पाच यांचे नाते तेच राहते. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा सूर पांढरी तीनचा असतो. गाणे पांढरी दोनमध्ये उतरले की खालचा षड्ज हाताशी राहत नाही, आणि एवढ्यासाठीच मी पुढे पाच तारांची घेतली. शिकताना मात्र चार तारा पुरेशा आहेत.

वेळेवर येणे हा गुण म्हणून मोजला जातो यावर आईचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या क्षेत्रात निम्मे काम त्यावर मिळते. कॅरोल के या अमेरिकी बाई मुळात गिटार वाजवत असत. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हातात घेतला आणि पुढे त्या काळच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांना त्यांचाच बेस लागला. मलाही पहिली मोठी सुपारी अशीच दुसऱ्याच्या गैरहजेरीमुळे मिळाली होती. ज्याला चारची वेळ दिली आहे, त्याने साडेतीनला वाद्य सुरात लावून बसावे, गाण्यांची यादी आदल्या रात्री मागून घ्यावी आणि साउंड चेकच्या वेळी दुसरे कोणी वाजवत असताना स्वतः वाजवू नये. हे तीन नियम पाळणारा मध्यम प्रतीचा वादक वर्षभर व्यस्त असतो.

आता विजेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण मला खरी काळजी याचीच वाटते. उघड्यावरच्या मंचावर, विशेषतः पावसाळ्यात गणपतीच्या मांडवात, वीज कोठून ओढली आहे आणि तिला अर्थिंग आहे की नाही, हे विचारणारा माणूस क्वचित असतो. बेसच्या तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या अडकवण्याच्या धातूच्या पट्टीतून, अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात आणि गायनाचा माइक मिक्सरशी. मिक्सर एका जोडणीवर आणि अँप्लिफायर दुसऱ्या जोडणीवर असेल आणि त्यांपैकी एकीचे अर्थिंग तुटलेले असेल, तर बोटे तारांवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. तो कधी मुंग्या आल्याइतका सौम्य असतो, तर कधी जीवघेणा. मी टेस्टर खिशात ठेवते, माइकच्या जाळीला आणि अँप्लिफायरच्या स्क्रूला लावून पाहिल्याशिवाय तोंड जवळ नेत नाही, आणि मंचावरची सगळी उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या, आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेल्या जोडणीवर घ्यायला सांगते. गुणगुण येते म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून टाकणारे लोक अजूनही भेटतात. त्याला सांगावे, की गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर, म्हणजे बेस मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचे बटण असते; ते फक्त केबलमधली जमिनीची जोडणी तोडते. पिन कापलेला प्लग दिसला तर सरळ वाजवायला नकार द्यावा, मग आयोजक रागावला तरी चालेल. डीआय बॉक्स स्वतःचा असावा. अँप्लिफायर भाड्याने मिळतो आणि कधी मिळतही नाही, पण डीआय असला की बेस थेट मिक्सरमध्ये जातो आणि कार्यक्रम निभावतो.

मंचावर आपला आवाज कसा लागतो आहे, हे बेसवादकाला स्वतःला कळत नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि त्या ध्वनीची लहर आठ मीटरहून लांब असते, त्यामुळे अँप्लिफायरशेजारी उभ्या असलेल्या मला आवाज क्षीण वाटतो आणि त्याच वेळी मागच्या भिंतीजवळ बसलेल्यांच्या छातीत धडधड होते. शेवटच्या रांगेत कोणाला तरी उभे करून विचारणे, हाच उपाय आहे.

वाद्य महाग घेऊ नये, यावर मी दादाच्या बाजूने आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसची चौतीस इंचांची तारेची लांबी आजही बहुतेक बेसना असते, आणि वाद्याची मान सरळ असेल, तर साध्या वाद्यावरही कार्यक्रम उत्तम होतो. खर्च करायचा तर चांगल्या कारागिराकडून सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवून, घेण्यावर करावा. गोव्यात किंवा कोकणात पावसाळी हवेत लाकूड हलते आणि तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासू लागतात. तेव्हा ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. अॅक्टिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेली, असेल, तर केबल लावलेली राहिली की आतली नऊ व्होल्टची बॅटरी न वाजवताही संपते, म्हणून वाजवून झाले की केबल काढावी आणि एक बॅटरी जवळ बाळगावी. दुसरी केबलही बाळगावी. सगळ्यांत जास्त दगा केबलच देते.

तारांचा संच दोन-तीन हजारांच्या घरात जातो. आई, तुझ्या पातेल्यात मी तारा उकळत असल्याचे पाहून तू शेजारच्या काकूंना हाक मारली होतीस, त्याचे कारण हे होते. घामाचा आणि तेलाचा मळ तारेच्या वेटोळ्यांत बसतो, उकळत्या पाण्यात तो सुटतो आणि तार काही काळ पुन्हा झणझणीत वाजते; नंतर तिला पूर्ण कोरडे करावे लागते, नाहीतर गंज धरतो. अर्थात, ज्याला हा झणझणीतपणा नको असेल त्याने खर्चच करू नये. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन तारा जवळजवळ बदलतच नसत आणि आम्ही सगळे आजही त्यांचाच आवाज शोधत असतो.

बाबा, यापुढचा मजकूर तुमच्या अनुभवातला आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांत तुमची उमेद गेली आणि कानही गेले, आणि त्या शेडमध्ये कानात बोळे घालणाऱ्याला लोक हसत, हे तुम्हीच सांगितले आहे. आमच्या मंचावर वेगळे काही नसते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. आणि बेसवादक उभा असतो तो ड्रमच्या झांजेला लागून. आवाज बोथट न करता सारखा कमी करणारे वादकांचे इअरप्लग मिळतात, ते मी पहिल्या गाण्यापासून लावते. नातवाला बेस घेऊन द्यायच्या आधी ते घेऊन द्यावेत, आणि त्याने कंटाळा केला तर तुमचे श्रवणयंत्र तासभर त्याच्या हातात द्यावे.

पाठीचे म्हणाल, तर वाद्य चार-साडेचार किलोचे असते आणि ते तीन तास एकाच खांद्यावर राहते. पट्टा रुंद घ्यावा आणि वाद्य गुडघ्याशी लोंबकळत ठेवण्याची हौस करू नये, म्हणजे मनगट सरळ राहते.

व्यवहाराबाबत दोनच गोष्टी. सुपारी तोंडी घेऊ नये. तारीख, वेळ, प्रवास, जेवण आणि नाईट (एका कार्यक्रमाचे मानधन) किती हे संदेशात लिहून घ्यावे आणि अर्धी रक्कम आधी घ्यावी. एका आयोजकाने एका वर्षाच्या दिवाळी पहाटेचे पैसे दुसऱ्या वर्षीच्या पहाटेला दिले होते, तेही पुन्हा वाजवायला येणार असाल तर, या अटीवर. कंपन्यांच्या कार्यक्रमांत मानधन ठरावीक मर्यादेपुढे गेले की साधारण दहा टक्के कर आधीच कापला जातो. विवरणपत्र भरणाऱ्याला तो हिशेबात मिळतो, न भरणाऱ्याचा तो बुडाल्यातच जमा. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि बारापर्यंतची सवलत सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकते. लग्नघरची मंडळी नवरदेव उशिरा आला म्हणून साडेदहाला "आणखी दोन गाणी" म्हणतात, तेव्हा पोलीस येऊन आधी वाद्यांकडेच पाहतात. कार्यक्रम किती वाजता संपणार, हेही लिहून घ्यावे.

आईचा न विचारलेला प्रश्नही मला ठाऊक आहे. रात्रीच्या परतीची सोय ठरल्याशिवाय मी आजही होकार देत नाही, आणि मंचावर मी एकटीच बाई आहे असे आता पूर्वीइतक्या वेळा होत नाही. मुंबईची मोहिनी डे जगभर बेस वाजवते आहे, तिचे वडीलही बेसवादकच. त्यामुळे हे बायकांचे वाद्य नव्हे, असे मला सांगणारे लोकही हल्ली जरा दमले आहेत.

माझा सल्ला असा, की दादाने यंदा बेस विकत घेऊ नये. माझी जुनी चार तारांची पुण्यात पडून आहे, ती मी गणपतीला येताना घेऊन येते. त्याने पदवीला प्रवेश घ्यावा, बाबांच्या भजनी मंडळात दर एकादशीला बसून टाळ धरावा, आणि नवरात्रात माझ्याबरोबर केबल गुंडाळायला, अँप्लिफायर उचलायला आणि पहाटे टेम्पोत बसून परत यायला यावे. वाजवायला मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. त्यानंतरही त्याला हेच करायचे असेल, तर दादाची समजूत मी घालेन.

बाबांनी श्रवणयंत्राची तपासणी या महिन्यात करून घ्यावी, तिचे पैसे मी पाठवले आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमची लेक