ऑपरेशनला पैसे आहेत, ताटाला का नाहीत?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी राज्यात आज बरंच काही आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं. काठी-वॉकरसाठी वयोश्री योजना आहे. पण हे सगळं मोडल्यानंतरचं झालं. हाड मोडू नये म्हणून ताटात काय हवं, त्याबद्दल हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका, हाडांच्या वॉर्डात नोकरी केलेली. दाखल झालेल्या आजींना 'काय खाता?' विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असायचं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट. दात नाहीत. एकटीसाठी चूल कोण पेटवणार? दूध आलंच तर नातवंडांना. घरी सोडताना आम्ही कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं हातात द्यायचो आणि विषय संपायचा.

गोळीवर भागत नाही, कारण प्रश्न निव्वळ कॅल्शियमचा नाही. हाड आयुष्यभर थोडं झिजतं, थोडं नव्यानं घडतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं. वय, मधुमेह, पोटावरची चरबी यांची भर पडते आणि शरीरात एक मंद दाह (इन्फ्लमेशन) मुक्कामाला येतो. ना ताप, ना ठणका. पण रक्तात इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी दाह वाढवणारी द्रव्यं वाढलेली असतात. त्यांच्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव येतो आणि हाड घडवणाऱ्या मागे पडतात. हाच दाह स्नायूही पोखरतो, म्हणजे हाड ठिसूळ आणि वर तोल जाण्याची भीती. मैदा, साखर आणि तळण जास्त, डाळ-भाजी कमी, असं खाणं या दाहाला खतपाणी घालतं.

अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या स्त्रियांच्या आरोग्याच्या मोठ्या अभ्यासातल्या पाळी गेलेल्या स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१७ मध्ये मांडला. ज्यांचं खाणं दाह कमी ठेवणारं होतं, त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता सहा वर्षांत कमी घटली. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांचीच घनता कमी होती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून आपल्या खात्याच्या पोस्टरवर कृपया 'दाहावर हळदीचं दूध' असं छापू नका. चिमूटभर हळदीनं हाडं वाचत नाहीत, अख्खं ताट बदलावं लागतं.

ताट बदलल्यानं काय होतं, याचा प्रत्यक्ष प्रयोग ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या ६० वृद्धनिवासांत झाला. तिथे सुमारे ७,००० ज्येष्ठ होते, सरासरी वय ८६. निम्म्या ठिकाणी दोन वर्षं जेवणात दूध, दही, चीज वाढवलं. औषध नवं काही नाही. नेहमीचं जेवण चालू राहिलेल्या ठिकाणी रोजचं कॅल्शियम ७०० मिलिग्रॅम आणि प्रथिनं ५८ ग्रॅम होती, तर इथे ती ११४२ मिलिग्रॅम आणि ६९ ग्रॅमवर गेली. फ्रॅक्चर एक तृतीयांशाने घटली, खुब्याची तर ४६ टक्क्यांनी. हा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाला दुग्धउद्योगाचा पैसा होता, हेही सांगायला हवं. तरी ६० स्वयंपाकघरांत झालेला प्रयोग सहज झटकून टाकता येत नाही.

आता आपल्याकडे बघा. रेशनवर गहू-तांदूळ. २०२२ च्या दिवाळीत सुरू झालेल्या 'आनंदाचा शिधा'मध्ये रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. चौघांत हाडाच्या कामाची एक डाळच. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, आपण तृणधान्य वर्ष धूमधडाक्यात साजरं केलं. त्यातही एक घोळ झाला. तृणधान्यं सगळी एका माळेत ओवली गेली. प्रत्यक्षात १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या आत, नाचणीत ३५० च्या आसपास. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व दात नसलेल्यालाही पिता येतं. तीळकूट, विदर्भातली जवसाची चटणी, कोकणातली सुकट हे सगळं आपल्याच घरातलं आहे. पण १५०० रुपये मासिक पेन्शनवर जगणारी निराधार बाई डाळ आणि दूध किती दिवस पुरवणार?

माझं मागणं मोठं नाही. अन्न व नागरी पुरवठा खात्याशी बोलून, साठीपुढचं माणूस असलेल्या शिधापत्रिकेवर गहू-तांदळाचा काही भाग नाचणी आणि तूरडाळीत बदलून द्या. अनुदानित वृद्धाश्रमांच्या जेवणात दूध किंवा दही आणि डाळ रोज सक्तीची करा, आणि अनुदान त्या हिशेबानं वाढवा, नाहीतर पातळ वरण आणखी पातळ होईल. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना २०१५ पासून एक वेळचं चौरस जेवण मिळतं. अंगणवाडीतल्या त्याच चुलीवर गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांचं जेवण शिजू शकतं. मात्र अंगणवाडी ताईंवर फुकटचं ओझं टाकू नका, वेगळं मानधन द्या.

सुरुवात एका तालुक्यात करा. दोन वर्षं तिथली खुब्याची फ्रॅक्चर मोजा, शेजारच्या तालुक्याशी ताडून बघा आणि आकडे जसे येतील तसे जाहीर करा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. सिंधुदुर्ग